चाकांवरच्या घरातली धुलाई : मशीन घेण्यापूर्वीचा हिशेब

या पानावर एरवी आम्ही सूत, ग्रे कापड आणि डाइंगच्या दरांविषयी लिहितो. आजचा विषय थोडा निराळा आहे, पण त्याचा कापडाशी संबंध कसा येतो ते पुढे दिसेलच. शिवाय या मामल्यात आम्ही स्वतः एक चुकीचा सल्ला देऊन बसलो होतो. त्याची कबुलीही यात आहे.

आमच्या थोरल्या बहिणीचा मुलगा अमेरिकेत असतो. त्याची पत्नी नर्स आहे. तिकडे फिरत्या नर्सची नोकरी असते. एका इस्पितळात साधारण तेरा आठवड्यांचा करार, तो संपला की दुसरे शहर, कधी दुसरे राज्य. दर तीन महिन्यांनी भाड्याचे घर शोधणे, सामान बांधणे, पुन्हा सोडणे हे मोठे कटकटीचे काम. म्हणून या दोघांनी चाकांवरचे घर घेतले. भाचा संगणकावर काम करतो, ते कुठेही बसून होते. एक लहान मुलगी आहे. असे तिघांचे घर रस्त्याने फिरते.

या घराला तिकडे रिक्रिएशनल व्हेइकल किंवा नुसते आर.व्ही. म्हणतात. काही आर.व्ही.ला स्वतःचे इंजिन असते, त्यांना मोटरहोम म्हणतात. काही मागे जोडून ओढायचे ट्रेलर असतात. त्यातला फिफ्थ-व्हील हा मोठा प्रकार. त्याचा पुढचा उंच भाग पिकअप ट्रकच्या हौद्यावर टेकतो. आत स्वयंपाकघर, न्हाणी, झोपण्याची खोली, सगळे असते. मुक्काम करायचा तो आर.व्ही. पार्कमध्ये. तिथे भाडे भरले की विजेचा खांब, पाण्याचा नळ आणि चांगल्या पार्कमध्ये सांडपाण्याचे तोंडही मिळते.

आता घर म्हटले की धुणे आले. नर्सचे धुणे तर रोजचेच. इस्पितळातून आलेले कपडे सार्वजनिक धुलाईखान्यात, अनोळखी लोकांच्या कपड्यांनंतर त्याच मशीनमध्ये टाकायचे, हे आमच्या भाचेसुनेला पटत नव्हते. म्हणून पहिल्याच ट्रेलरमध्ये त्यांनी मशीन बसवायचे ठरवले आणि भाच्याने आम्हाला फोन केला. म्हणाला, "मामू, तुमचे आयुष्य कपड्यात गेले. कोणते घेऊ?"

आम्ही दुकानदारी थाटात सांगून टाकले, "मोठ्यात मोठे घे, एकदाच खर्च होईल." तिकडच्या विक्रेत्यानेही तेच सांगितले. एकाच पिंपात धुणारे आणि सुकवणारे मशीन, भिंतीला भोक पाडायची गरज नाही, सात किलो कपडे मावतात. सोळाशे डॉलर मोजून ते आणले.

पहिल्याच आठवड्यात मशीन चालू असताना कोणी मायक्रोवेव्ह लावला की ब्रेकर पडू लागला. चार-चार तास फिरूनही कपडे दमटच बाहेर येत. मग ते आत दोरीवर टांगायचे. सकाळी खिडकीच्या काचांवरून पाणी ओघळायचे. एक हिवाळा गेला आणि कपाटामागच्या भिंतीला काळी बुरशी धरली. मुलीला खोकला लागला. शेवटी तो ट्रेलर तोट्यात विकावा लागला. दुसरा घेताना भाच्याने पुन्हा फोन केला, तेव्हा मात्र आम्ही लगेच उत्तर दिले नाही. मशीनची माहितीपुस्तिका मागवून घेतली. आम्ही उर्दू शाळेत शिकलेले, इंग्रजी पुस्तिका वाचायला मुलीची मदत घ्यावी लागली. चार संध्याकाळी आम्ही दोघे कागद-पेन्सिल घेऊन बसलो. त्यातून जे समजले ते पुढे देत आहोत.

पाणी जाते कुठे?

सुकवणे म्हणजे कपड्यातले पाणी हवेत घालवणे. ही साधी गोष्ट पुढे ठेवली की सगळा हिशेब उलगडतो. धुऊन, पिळून निघालेल्या सुती कपड्यात किती पाणी उरते? मशीन मिनिटाला बाराशे फेऱ्यांनी पिळत असेल तर कोरड्या कपड्याच्या वजनाच्या साधारण निम्मे किंवा थोडे अधिक. आठशे फेऱ्यांनी पिळत असेल तर सत्तर टक्क्यांच्या घरात. म्हणजे चार किलो सुती कपडे चांगले पिळले तरी आत दोन लिटरहून जास्त पाणी असते.

एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे पाऊण युनिट वीज लागते. अगदी नेमके सांगायचे तर ०.६८. हा निसर्गाचा दर आहे, त्यात घासाघीस चालत नाही. २.२ लिटरला दीड युनिट झाले. अमेरिकेतल्या पक्क्या घरांतला ड्रायर २४० व्होल्टवर चालतो आणि पाच हजार वॅटच्या आसपास ताकद लावतो. आर.व्ही.तले मशीन १२० व्होल्टवर, बाराशे ते पंधराशे वॅटचे. बाराशे वॅटच्या हीटरला दीड युनिट ओतायला सव्वा तास लागतो, तोही एक कणभर उष्णता वाया गेली नाही तर. प्रत्यक्षात पिंप तापते, पत्रा तापतो, गरम हवा निसटते. दुप्पट वेळ धरा. भाच्याचे चार तास हे मशीनच्या बिघाडामुळे नव्हते. ते हिशेबानेच होते.

त्यावर आणखी एक गोष्ट, जी विक्रेत्याने सांगितली नाही आणि आम्हाला ठाऊक नव्हती. एकाच पिंपाच्या मशीनवर जे सात किलो लिहिलेले असते ते धुण्याचे. सुकवायला कपडे पिंपात मोकळे फिरले पाहिजेत, त्यामुळे सुकवण्याची क्षमता जवळपास निम्मी असते. सात किलो धुऊन तेच सात किलो सुकवायला ठेवले तर बाहेरचे भाजतात आणि मधला गोळा ओलाच राहतो. आमचा "मोठ्यात मोठे घे" हा सल्ला इथे उघडा पडला. पिंप मोठे झाले तरी हीटर तेवढाच होता.

यावरून मशीन पाहताना पहिला प्रश्न विचारायचा तो पिळण्याच्या वेगाचा. पिळून काढलेल्या पाण्याला नाममात्र वीज लागते, वाफ करून काढलेल्याला दीडदमडीही सूट नाही. बाराशे फेऱ्यांचे छोटे मशीन हे आठशे फेऱ्यांच्या मोठ्या मशीनपेक्षा अशा घरात केव्हाही सरस.

आता तेच पाणी दोरीवर सुकवले तर? ट्रेलर नऊ मीटर लांब, सव्वादोन-अडीच मीटर रुंद, दोन मीटरच्या वर उंच, म्हणजे आत सुमारे पंचेचाळीस घनमीटर हवा. वीस अंश तापमानाला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सतरा ग्रॅम वाफ धरते. सगळी हवा अगदी कोरडी असली तरी पाऊण लिटरच्या आसपास पाणी मावेल. माणसे श्वास घेतात, चहा उकळतो, त्यामुळे हवा आधीच निम्मी भरलेली. आणि आपण तिच्यात दोन लिटर ओतू पाहतो. उरलेले पाणी थंड भिंतीवर बसणारच. चिपळूण-महाडकडच्या वाचकांना श्रावणातली भिंत आठवेल. फरक एवढाच की तिकडच्या भिंती पातळ फळ्यांच्या आणि चिकटवलेल्या असतात. एकदा ओल मुरली की थर सुटतात.

व्हेंट की बिनव्हेंट

सुकवण्याच्या मशीनचे दोन मुख्य प्रकार आहेत. व्हेंटचे मशीन ओलसर गरम हवा चार इंची नळीने भिंतीबाहेर फेकते. बिनव्हेंटचे मशीन ती हवा आतच थंड करून वाफेचे पाणी बनवते आणि ते पाणी निचऱ्यात सोडते. एकाच पिंपाच्या अनेक बिनव्हेंट मशीनांत हवा थंड करायला नळाचे थंड पाणी वापरले जाते. म्हणजे धुणे संपले तरी सुकवताना पाणी चालूच. शिवाय उष्णता घराबाहेर न जाता घरातच राहते. उन्हाळ्यात मशीन तापवते आणि एअरकंडिशनर थंड करतो, दोघांचे बिल आपले. हीट पंप नावाची नवी जात निघाली आहे. ती वीज बरीच कमी खाते, पण वेळ घेते आणि किंमत जास्त. त्यातली बरीच मशीने आर.व्ही.च्या कपाटात मावतही नाहीत.

आमचे मत विचाराल तर जिथे भिंतीला भोक पाडणे शक्य आहे तिथे व्हेंटचेच घ्यावे. ते लवकर सुकवते आणि पाणी कमी लागते. पण त्याच्या अटी आहेत. नळी थेट बाहेर गेली पाहिजे, खालच्या सामानाच्या कप्प्यात सोडून चालणार नाही. नळी आखूड आणि सरळ हवी. बाहेरच्या तोंडाला झडप हवी, नाहीतर उंदीर आणि गांधीलमाशा घर करतात. मशीन बाहेर हवा फेकते तेवढी आत यायला एखादी खिडकी बोटभर उघडी ठेवावी. आणि लिंट साफ करावे.

लिंट म्हणजे आपल्या लूमच्या खात्यात उडते तेच भुस. भिवंडीत कोणाला त्याची आग सांगायला नको. अमेरिकेच्या सरकारी अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या काळाचा अंदाज काढला, तर तिथल्या घरांत ड्रायरमुळे वर्षाला सुमारे २,९०० आगी लागत होत्या आणि सर्वांत मोठे कारण साफसफाई न करणे हेच होते. चाकांवरच्या घरात आग लागली तर बाहेर पडायला फार वेळ नसतो. म्हणून घरात कोणी नसताना किंवा सगळे झोपलेले असताना सुकवण्याचे मशीन चालू ठेवू नये. भाचेसूनबाईंना हे आम्ही दोनदा सांगितले.

बिनव्हेंट वाईटच असे मात्र नाही. ज्या आर.व्ही.त कपाट मधोमध आहे, बाहेरची भिंत दूर आहे, तिथे दुसरा इलाज नाही. मग कपडे थोडे घालायचे आणि सांडपाण्याची टाकी सांभाळायची.

तीस आणि पन्नास

विजेचा मसला समजायला आम्हाला सर्वांत जास्त वेळ लागला. आर.व्ही.चे जोड दोन प्रकारचे, तीस अँपिअर आणि पन्नास अँपिअर. आम्हाला वाटले पन्नास म्हणजे तीसच्या पावणेदोन पट. तसे नाही. तीस अँपिअरला १२० व्होल्टची एकच तार, एकूण ३,६०० वॅट. पन्नास अँपिअरच्या जोडात १२० व्होल्टच्या दोन तारा, प्रत्येकी पन्नास, म्हणजे १२,००० वॅट. तिपटीहून जास्त. पहिल्या ट्रेलरला तीसचा जोड होता. एअरकंडिशनर दीड हजार, ड्रायर तेराशे, मायक्रोवेव्ह बाराशे, बेरीज चार हजार. ब्रेकर पडला नसता तरच नवल. त्यातून पाणी तापवायचे विजेवर ठेवले असेल तर आणखी चौदाशेच्या आसपास.

तीसचा जोड असेल तर सुकवण्याच्या वेळी बाकीचे बंद ठेवण्याची शिस्त हवी. पाणी तापवायला गॅस वापरावा. ती शिस्त लहान मूल असलेल्या घरात टिकत नाही असा आमच्या घरचा तजुर्बा आहे. आणि कोणी इकडून मशीन घेऊन जायचा विचार करत असेल तर तो सोडावा. आपले मशीन २३० व्होल्टचे, तिकडे उपयोग नाही.

टाकी आणि काटा

आपल्याकडे ग्रे म्हणजे कोरे कापड. तिकडे ग्रे टँक म्हणजे न्हाणी-मोरीच्या सांडपाण्याची टाकी. एका धुण्याला साधारण दहा ते पंधरा गॅलन पाणी लागते. तिकडचा गॅलन पावणेचार लिटरचा, म्हणजे चाळीस ते पंचावन्न लिटर. चाळीस गॅलनची टाकी तीन-चार धुण्यांत भरते, त्यात आंघोळी आणि भांडी धरलेलीच नाहीत. म्हणून मशीन वापरायचे ते सांडपाण्याचे तोंड असलेल्या जागेवर, ग्रे टाकीचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून. संडासाची टाकी वेगळी असते, तिचा व्हॉल्व्ह बंदच ठेवायचा. जंगलात, डोंगरात, बिनजोडणीच्या जागी मुक्काम करणाऱ्यांनी मशीनच्या भानगडीत पडू नये.

वजनाचा हिशेब तर ट्रान्सपोर्टवाल्याला सांगायलाच नको. एकाच पिंपाचे मशीन सत्तर किलोच्या आसपास, एकावर एक ठेवायची वेगळी जोडी शंभराच्या घरात. ट्रेलरच्या दारावर पिवळ्या कागदावर आत किती किलो सामान घालता येईल ते लिहिलेले असते. ते पाहावे, पण त्यावर थांबू नये. फिफ्थ-व्हीलमध्ये मशीनचे कपाट बहुधा पुढच्या झोपण्याच्या खोलीत असते आणि तो भाग ट्रकवर टेकलेला. म्हणजे मशीनचा भार ट्रकच्या मागच्या आसावर येतो. आम्ही भाच्याला भरलेले घर आणि ट्रक दोन्ही काट्यावर चढवायला लावले. तिकडे ट्रक थांबतात त्या पंपांवर सार्वजनिक काटे असतात. वेगळ्या जोडीचे वजन धरले तर ट्रकची मर्यादा जेमतेम सांभाळली जात होती. पाण्याची टाकी भरून निघाले तर तीही नाही. भाचेसुनेला जोडी हवी होती, कारण एक खेप सुकताना दुसरी धुता येते. तिचे म्हणणे खोटे नव्हते. पण काट्याने निकाल दिला.

कपडा बदला

आणि इथे शेवटी आमचा धंदा कामाला आला. सुताचा सौदा करणाऱ्याला मॉइश्चर रिगेन माहीत असते. ठरावीक हवेत कापूस आपल्या वजनाच्या साडेआठ टक्के ओलावा धरून ठेवतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. त्यामुळे पॉलिस्टर मिसळलेले कापड पिळल्यावर कमी पाणी ठेवते आणि लवकर सुकते. भाचेसुनेचे नर्सचे कपडे तपासले तर ते टेरीकॉट निघाले. त्यांचा त्रास नव्हताच. आठवड्याला तिच्या तीन पाळ्या, प्रत्येक बारा तासांची, म्हणजे तीन जोड. ते छोट्या मशीनमध्ये तासा-दीड तासात सुकतात.

पाणी साठवून बसले होते ते टॉवेल. सहाशे जी.एस.एम.चे जाड टॉवेल, एकेक जवळपास सहाशे ग्रॅमचा, घरात सहा. साडेतीन किलो कापूस. पिळून झाल्यावरही दोन लिटर पाणी त्यांच्यातच. आम्ही दुकानातला साधा सुती पंचा तराजूत टाकून पाहिला, तर दीडशे ग्रॅमच्या आसपास भरला. सहा पंचे मिळून दीड टॉवेल. एक डझन पंचे बहिणीने कोणाबरोबर तरी पाठवून दिले. भाचा आधी हसला. नंतर म्हणाला, "मामू, हे दोरीवरही दुपारपर्यंत सुकतात." दोरीही आता न्हाणीत आहे, वरचा पंखा चालू ठेवून. बाहेर कपडे वाळत घालायला अनेक पार्कांत मनाई असते.

जीन्सही कमी केल्या. एक जीन्स आणि दोन पंचे यांच्यात पाण्याचा किती फरक पडतो ते ज्याने बादलीत पिळून पाहिले आहे त्याला सांगायला नको.

बसवताना

शेवटी व्हेंटचे एकाच पिंपाचे मशीन ठरले, बाराशे फेऱ्यांचे. ट्रेलर पन्नास अँपिअरचा घेतला आणि मशीनसाठी जोडण्या व भोक कारखान्यातूनच तयार असलेले कपाट निवडले. नंतर भोक पाडणे महाग पडते आणि छपराखालून पाणी शिरायची भीती.

समोरून उघडणाऱ्या मशीनच्या मागे वाहतुकीचे बोल्ट असतात, ते काढल्याशिवाय चालवले तर मशीन पहिल्याच पिळण्यात नाचते. काढलेले बोल्ट फेकू नयेत, पुस्तिकेत दिले असेल तिथे लांबच्या प्रवासाआधी परत लावावेत. घर समपातळीत उभे केल्याशिवाय पिळणे सुरू करू नये. साबण कमी फेसाचा वापरावा आणि तोही लेबलवर असेल त्याच्या निम्मा. आपल्या बायकांना फेस आला नाही तर धुतल्यासारखे वाटत नाही, पण फेस घालवायला पाणी लागते आणि ते टाकीत जाते.

थंड प्रदेशात करार मिळाला तर आणखी काळजी. मशीनच्या पंपात आणि व्हॉल्व्हमध्ये उरलेले पाणी गोठले की फुगते आणि भाग तडकतो. घर बंद ठेवायचे असेल तर पाणी पूर्ण काढून आर.व्ही.साठी मिळणारे गुलाबी अँटिफ्रीझ मशीनमधून फिरवून ठेवतात. गाडीच्या रेडिएटरचे अँटिफ्रीझ विषारी असते, ते घालायचे नाही.

वर्षातून दोन-चार वेळा सहलीला जाणाऱ्याने यातले काहीच करू नये. पार्कच्या धुलाईखान्यात नाणी टाकावीत, कपाटात चादरी ठेवाव्यात. फारच वाटले तर आपल्या सेमी ऑटोमॅटिकसारखी दोन पिंपांची छोटी मशीने तिकडेही मिळतात, धुणे एकात, पिळणे दुसऱ्यात. वजन पंधरा किलोच्या आसपास, काम झाले की उचलून ठेवता येते.

भाच्याकडे हे मशीन आता दुसऱ्या हिवाळ्यातून चालले आहे. रोज एक छोटी खेप, भाचेसूनबाई पाळीवरून आल्या की. रजया आणि जाड चादरी दर पंधरवड्याला धुलाईखान्यात जातात. खिडक्यांच्या काचा कोरड्या आहेत. बहिणीने आणखी एक डझन पंचे मागितले आहेत, या वेळी रंगीत किनारीचे.